ताडपत्रीची पडशी

शनिवारी दुपारी चार वाजता, पातागोनियातल्या एस्केल गावाबाहेर अमादेओच्या लोकरीच्या गोदामासमोर, ग्रिसेल्दाच्या आडव्या पडलेल्या मोटारसायकलला तिच्या नवऱ्याचा हात लागला आणि ग्रिसेल्दा बाद झाली.

नुसता लागला असता तर वादाला जागा होती. फाबियाननं मागचं कॅरियर दोन्ही हातांनी धरलं, मांडीचा रेटा दिला आणि सामानासकट गाडी उभी करून स्टँडवर लावली. ग्रिसेल्दा तेव्हा वाकून पडशीचं बकल सोडवत होती. बकल तिच्या बोटांतून सुटून वर गेलं. ती तशीच वाकलेली राहिली, समोर नुसती माती.

"हात लागला," अमादेओ म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, पण घाई होती.

"अजून एक डाव होता माझा," ग्रिसेल्दा म्हणाली.

"होता. पण हात लागला ना, बाई."

अंगणात दहा-बारा माणसं होती. येर्बाच्या कडू चहाचा पेला हातोहात फिरत होता, तो मध्येच कुणाच्या तरी हातात थांबला. फाबियान हात झटकत उभा होता. तिच्याकडे बघून तो हसला, ओझं उचलून दिल्यावर माणूस हसतो तसा.

हा गट दर फेब्रुवारीत, इथल्या उन्हाळ्यात, डोंगर ओलांडून चिलीत उतरतो आणि तिकडच्या खडीच्या रस्त्यांवर दोन आठवडे काढून परत येतो. निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येकानं आपली गाडी प्रवासासाठी भरतो तशी भरायची, अमादेओच्या अंगणात आडवी करायची आणि एकट्यानं उभी करायची. तीन डाव मिळतात. याला गटात 'दुपारची झोप' म्हणतात: गाडीला झोपवायचं आणि उठवायचं. ज्याला उठवता येत नाही त्यानं घरी राहायचं, नाहीतर दुसऱ्याच्या मागे बसून यायचं. मागे बसणाऱ्याला नाव आहे 'सॅक'. आजवर जेवढ्या सॅक झाल्या तेवढ्या सगळ्या बायका होत्या.

ग्रिसेल्दा कितीतरी वर्षं सॅक होती. फाबियानच्या पाठीला नाक लावून तिनं अख्खा दक्षिण पातागोनिया पाहिला होता, म्हणजे त्याच्या जाकिटाची शिवण पाहिली होती. एरवी मात्र ती गुरांच्या डॉक्टरांकडे कामाला होती आणि मेंढ्यांना लस टोचायला रोज मोटारसायकलवरून शेतावर जायची. बर्फ वितळून चिखल झालेला असो की वारा गाडीला आडवं ढकलत असो, ती जायची. गटातल्या पुरुषांना खडी भेटायची ती वर्षातून दोन आठवडे. तिला रोज भेटायची.

दोन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा स्वतःची गाडी घेऊन गटाबरोबर निघाली, तेव्हा फाबियाननं मोठ्या हौसेनं तिच्या गाडीला अ‍ॅल्युमिनियमचे डबे लावून दिले होते. स्वतःच्या गाडीला होते तसेच, चंदेरी, कुलपाचे. चाळीस नंबरच्या रस्त्यावर ट्रकांनी खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. पुढचं चाक एका चाकोरीत अडकलं, गाडी कलली, तोल सावरायला तिनं पाय खाली टाकला. गाडी पुढे सरकली आणि मागून आलेल्या डब्यानं तिची पिंढरी जमिनीशी दाबली. हाड दोन ठिकाणी मोडलं. आता आत लोखंडी पट्टी आहे आणि थंडीत ती पट्टी तिला कळते.

गटानं याचा निकाल एका वाक्यात लावला होता. "पाय खाली टाकला, नवशिक्यांची चूक." पुढच्या प्रत्येक मांसाच्या मेजवानीत हे वाक्य कुणीतरी म्हणायचं आणि फाबियान निखारे सारखे करत बसायचा. एकदाही त्यानं म्हटलं नाही की डबे मी लावले होते.

यंदा ग्रिसेल्दानं नोव्हेंबरमध्येच सांगून टाकलं.

"मी येणार. माझ्या गाडीवर. आणि डबे लावणार नाही."

"मग झोप कशी उठवशील?" फाबियाननं विचारलं.

हा प्रश्न खरा होता, आणि म्हणूनच तिला त्याचा जास्त राग आला. डबे लावलेली गाडी आडवी पडली तरी पुरती पडत नाही. ती डब्यावर टेकते, अर्धी उभीच राहते. थोडा रेटा दिला की उठते. कापडी पिशव्यांची गाडी मात्र पिशव्या चेपून जमिनीला सपाट लागते, आणि सपाट पडलेली गाडी उठवणं म्हणजे झोपलेला बैल उठवणं. गटातले सगळे डबेवाले. इतकी वर्षं ते या परीक्षेत आपली ताकद मोजतायत असं समजत होते, आणि मोजला जात होता तो डबा.

"म्हणजे मी डबे लावून अंगणात पास व्हायचं आणि रस्त्यावर पाय मोडून घ्यायचा?"

"मोडेलच असं कशाला धरतेस?"

"कारण मोडलाय, फाबियान. बघ, हा. याच्यावर शिवण आहे."

"एक दिवस लाव. परीक्षा झाली की काढ."

"आणि प्रवासात सामान कशात नेऊ? तुझ्या तोंडात?"

तो उठून बाहेर गेला. भांडण नको असलं की तो बाहेर जाऊन लाकडं फोडायचा. त्या वर्षी त्यांच्याकडे लाकडांची कमतरता पडली नव्हती.

पिशव्या निवडायला तिला दोन महिने लागले. आधी तिनं राजधानीतून चेनच्या पिशव्या मागवल्या. दिसायला देखण्या, खिसेच खिसे. आठवडाभर त्या लावून ती शेतांवर फिरली. इथली धूळ पिठासारखी बारीक, ती चेनीच्या दातांत बसली आणि एका सकाळी लशींची पेटी आत, ग्रिसेल्दा बाहेर, आणि चेन हलेना. शेवटी मेंढपाळानं सुरीनं पिशवी फाडली. मग तिनं वडिलांची घोड्यावरची कातडी पडशी माळ्यावरून काढून, तेल चोळून गाडीवर टाकली. एका पावसात ती पडशी कोकरासारखी जड झाली आणि वाळल्यावर पापडासारखी वाकडी. वडिलांचा घोडा दिवसाला जेवढं चालायचा तेवढ्यासाठी ती ठीक होती.

मग ती सुलेमाकडे गेली. सुलेमाचं ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचं दुकान होतं आणि तिचं तोंड तिच्या मशीनपेक्षा जोरात चालायचं.

"केवढी मोठी हवी?" सुलेमानं विचारलं.

ग्रिसेल्दा दुकानाच्या फरशीवर कुशीवर आडवी झाली आणि मोडलेला पाय पुढे केला.

"एवढी, की भरून या पायावर पडली तर पाय वाचला पाहिजे."

"अगं ए, गिऱ्हाइकं येतील! ऊठ!"

"ती नमुन्याची पिशवी भर चिंध्यांनी आणि टाक पायावर."

सुलेमानं टाकली.

"लागलं?"

"नाही. परत टाक. रागानं टाक."

"मला कुठे राग आलाय?"

"माझ्याकडचा घे. भरपूर आहे."

सुलेमा हसत सुटली, पण दुसऱ्यांदा तिनं पिशवी डोक्याच्या वरून टाकली. पिशवी पायावर बसली, पसरली आणि बाजूला घरंगळली. ग्रिसेल्दानं पाय ओढून घेतला. सहज निघाला. ती बराच वेळ तशीच फरशीवर पडून राहिली. गेल्या दोन वर्षांत आपला पाय एवढ्या सहज कशाखालून निघाला नव्हता, असं तिला वाटलं.

काळ्या ताडपत्रीच्या दोन पडशा झाल्या. सीटवरून आडव्या टाकलेल्या पट्ट्यांवर लटकणाऱ्या, हँडलपेक्षा रुंद न होणाऱ्या. चेन नाही, तोंड गुंडाळायचं आणि बकल लावायचं. सायलेन्सरच्या बाजूला पातळ पत्रा, नाहीतर ताडपत्री वितळून सामानाचा रस्सा झाला असता. पट्ट्यांची लोंबती टोकं सुलेमानं शिवून टाकली, चाकात जायला नकोत म्हणून. ग्रिसेल्दानं आत जुनी वर्तमानपत्रं भरली, पडशा कुंपणावर टांगल्या आणि नळीचं पाणी सोडलं. कागद कोरडे निघाले. फाबियान खिडकीतून बघत होता.

"छान झाल्यात," तो म्हणाला. आणि मग, "पण उठणार नाही."

ती महिनाभर घरामागे गाडी झोपवून उठवत होती. सीटला पाठ लावायची, एक हात हँडलला, एक कॅरियरला, आणि पायांनी मागे मागे रेटत जायचं. रिकामी गाडी उठायची. भरलेली कधी उठायची, कधी नाही. पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. पडशा पट्ट्यांना दोन-दोन बकलांनीच अडकवलेल्या होत्या. त्या काढायच्या, गाडी उठवायची, परत लावायच्या. रस्त्यावर शहाणा माणूस हेच करील.

शनिवारी अंगणात पहिल्या डावाला तिचा बूट घसरला. दुसऱ्याला गाडी गुडघ्याएवढी वर आली आणि पट्टीच्या पायात कळ गेली. गाडी परत सपाट. कुणीतरी म्हणालं, "फाबियान, सीट पुसून ठेव रे मागची." दोघं-तिघं हसले.

ग्रिसेल्दानं श्वास घेतला आणि बकलाला हात घातला.

"ए, ए," अमादेओ म्हणाला. "सामान काढायचं नाही."

"कुणी सांगितलं?"

"नियम आहे. भरलेली गाडी."

"भरूनच झोपवली ना? नियम आहे एकट्यानं उठवायची. मी एकटीच उठवणार आहे. रस्त्यावर पडली तर मी हेच करणार. तू काय करणार अमादेओ? तू ढुंगण लावून नुसता टेकतोस, तुझा डबाच तुला उठवतो. काढ तुझे डबे आणि झोपव तुझी गाडी सपाट. बघू दे सगळ्यांना."

"माझी झोप झालीये."

"मग माझी उठव. ही घे, आहे तशी."

अमादेओनं तिच्या गाडीकडे पाहिलं. मग स्वतःच्या पोटाकडे. कुणी हसलं नाही, कारण प्रत्येकजण मनातल्या मनात स्वतःचे डबे काढून बघत होता.

"बरोबर बोलतीये ती," मागून कुणीतरी म्हणालं. "रस्त्यावर सामान काढतोच आपण."

"पाच मिनिटांत लावता आलं पाहिजे परत," दुसरा म्हणाला.

"एका मिनिटात लावते," ग्रिसेल्दा म्हणाली.

अमादेओनं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "घे," तो म्हणाला. "बकल काढून घे. शेवटचा डाव."

ती वाकली. डाव्या पडशीचं पहिलं बकल सुटलं. दुसऱ्यावर बोटं गेली. आणि तेव्हा फाबियान आला.

दोघं घरी आले. स्वयंपाकघरात तिनं हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि उभीच राहिली. फाबियाननं किटली ठेवली.

"मला बघवेना," तो म्हणाला. "तुझा चेहरा पांढरा पडला होता."

"दुसऱ्या डावाला पडला होता. तेव्हा बघवलं."

"पायात पट्टी आहे तुझ्या, ग्रिसे."

"पाय माझा आहे. पट्टी माझी आहे. दवाखान्यातले सहा आठवडे माझे आहेत. तुझा फक्त डबा होता."

त्यानं मान खाली घातली. किटली उगाच पुढे-मागे सरकवली.

"माझ्या मागे बस. तेच डोंगर, तेच तळं."

"तुझ्या मागून मला तुझी मान दिसते. मानेवर तीळ आहे तुझ्या. मला आता तो पाठ आहे."

"सगळ्यांसमोर तू पडली असतीस तर—"

"तर काय? तुला लाज वाटली असती?"

"तुला वाटली असती."

"माझी लाज तू वाटून घेऊ नकोस. मला एक सांग, आणि लाकडं फोडायला जाऊ नकोस. पंधरा वर्षं आहेस तू या गटात. दुसऱ्याचा हात लागला की बाद, हे गटातल्या कुत्र्यालाही माहीत आहे. तू विसरला होतास, की आठवत असताना उचललीस?"

किटलीला वाफ आली. फाबियाननं गॅस बंद केला.

"त्यानं काय फरक पडतो?" तो म्हणाला.

"पडतो. विसरला असशील तर तू गाढव आहेस, आणि गाढवाबरोबर मी वीस वर्षं संसार केलाय, अजून करीन. आठवत असेल तर तू गाढव नाहीस."

तो वळला आणि बाहेर गेला. पण लाकडाचा आवाज आला नाही.

रविवारी सकाळी गट पेट्रोलपंपावर जमायच्या आधी ग्रिसेल्दा निघाली होती. तंबू सीटवर, पडशा दोन बाजूंना, जड वस्तू तळाला आणि पुढच्या अंगाला. कुणाला निरोप नाही, चिठ्ठी नाही. तिला कुणाची परवानगी लागत नव्हती. रस्ता सरकारी होता आणि गाडी तिच्या नावावर होती.

पण सीमेच्या नाक्याकडे जायला रस्ता एकच आणि फेब्रुवारीत तिथे रांग लागते. ग्रिसेल्दा रांगेत दीड तास उभी राहिली आणि मग मागून अकरा मोटारसायकली आल्या. अकरा इंजिनं तिच्या मागे दोन गाड्या सोडून बंद झाली.

अमादेओ चालत आला. वाऱ्यानं त्याची टोपी उडू नये म्हणून त्यानं ती हातानं दाबून धरली होती.

"अगं, हे काय वागणं झालं?"

"रांगेत उभी आहे."

"हे बघ, काल जे झालं ते बरं नाही झालं, मलाही कळतं. आम्ही असं ठरवलंय की आज संध्याकाळी तळ्यावर तंबू लागले की मत घ्यायचं."

"कसलं मत?"

"हात लागला त्याचं काय करायचं, त्याचं."

"हात ज्याचा लागला त्याचं मत घेणार, की माझं?"

"सगळ्यांचं. तोपर्यंत तू आमच्या शेवटी ये. मग बघू."

"मी तुमच्या पुढे उभी आहे, अमादेओ. डोळे उघडून बघ."

"चिडू नकोस."

"का? तू दर मेजवानीला माझ्या पायाची गोष्ट सांगतोस, ती मी ऐकून घेते. मी चिडले तर तू दहा मिनिटं ऐक. माझा पाय नवशिक्याच्या चुकीनं मोडला नाही. डब्यानं मोडला. तुझ्याही गाडीला तोच डबा आहे. तुझ्या बायकोला तू कधी गाडी चालवू दिली नाहीस, म्हणून तुला अजून कळलेलं नाही."

अमादेओनं टोपी आणखी घट्ट दाबली आणि परत गेला.

थोड्या वेळानं फाबियान आला. हेल्मेट हातात, डोळे रात्रभर न झोपल्यासारखे. तो तिच्या गाडीजवळ उभा राहिला, डाव्या पडशीवर हात ठेवला आणि लगेच उचलला.

"हात लावू का?" तो म्हणाला.

"आज लाव. आज काही बाद होत नाही."

"मी तुझ्या मागून येतो. मत काहीही होवो."

"मी काल काहीतरी विचारलं होतं."

"ग्रिसे, इथे? रांगेत?"

"रांगेत सांग, स्वयंपाकघरात सांग. मला उत्तर हवंय. मागून येणारा कोण आहे हे मला माहीत नको का?"

पुढचा ट्रक हलला. खिडकीतल्या अधिकाऱ्यानं तिला हात केला. फाबियानचं तोंड उघडं होतं. वाऱ्यात तो काही म्हणाला असेल तर तिला ऐकू आलं नाही. तिनं गाडी ढकलत पुढे नेली. अधिकाऱ्यानं पडशांची तोंडं उघडायला लावली, आत फळं-मांस काही आहे का पाहिलं, आणि शिक्का मारला. पडशा परत गुंडाळून बकलं लावायला तिला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. मागे डबेवाले किल्ल्या शोधत होते.

चिलीच्या बाजूला डांबर संपतं आणि खडी सुरू होते. पलीकडचं पहिलं गाव मागे टाकल्यावर पुढे रस्त्याला फाटा आहे. उजवीकडे तळं, जिथे गट दरवर्षी तंबू लावतो. डावीकडे नदीच्या वरच्या अंगाला सफरचंदाची एक वाडी आहे. तिथली बाई पैसे घेऊन बागेत तंबू लावू देते. ग्रिसेल्दा डावीकडे वळली. वाटेत एका वळणावर गाडी ओल्या खडीत घसरली आणि आडवी पडली, अगदी हळू. पडशी पायावर बसली. तिनं पाय ओढून घेतला. मग तिथेच बसून तिनं मोठ्यानं शिव्या दिल्या, अमादेओला, फाबियानला, डबे बनवणाऱ्याला, घसा बसेपर्यंत. शिव्या संपल्यावर उठली, पडशा काढल्या, गाडी उठवली, पडशा लावल्या. बघायला कुणी नव्हतं.

संध्याकाळी सातच्या सुमाराला वाडीची मालकीण पाव घेऊन आली.

"तू एकटीच आहेस ना?" तिनं विचारलं.

"का?"

"फाट्यावर एक माणूस बसलाय. माझा मुलगा दुपारी गेला तेव्हा होता, आत्ता आला तेव्हाही होता. विचारलं तर म्हणतो, काही नको."

"गाडी कसली?"

"चंदेरी डब्यांची. एक डबा काढून शेजारी ठेवलाय आणि त्याच्यावर बसलाय."

ग्रिसेल्दानं पाव घेतला. वाडीत फोनला रेंज नव्हती. तळ्यावर मत झालं की नाही, झालं तर काय झालं, हे कळायला मार्ग नव्हता. वाडीवाली म्हणाली, आणखी तास-दीड तास उजेड आहे, बोलवायचं असेल तर मुलाला परत पाठवते.

"थांब जरा," ग्रिसेल्दा म्हणाली. "त्याच्याकडून एक उत्तर अजून यायचंय."